नेपाळ परदेशात धरतात का?

फुलेवाडीच्या चिमणाबाई पाटलांनी सुनेचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात घातला, डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. वर्षभर सून देशाबाहेर जाता कामा नये असं वकिलीणबाईंनी सांगितलं होतं, आणि चिमणाबाईंनी एखादी गोष्ट अंगावर घेतली की घरच्यांचंसुद्धा त्यात काही चालत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सून म्हणजे मोना. डेन्मार्कची. दहा वर्षांमागे दूध गार करायची मशिनं बसवायला चार महिन्यांसाठी म्हणून कोल्हापुरात आली. गारगोटीकडच्या एका दूध संस्थेतलं मशीन अडलं, तेव्हा चिमणाबाईंचा राजवीर मदतीला गेला. दोघांनी मिळून मशीन खोललं आणि ते परत जोडून होईपर्यंत लग्न ठरलं, असं राजवीर सांगतो. मोनाला भाकरी कधी जमली नाही आणि तिनं तो नादही सोडून दिला. पण बोलायला ती थेट सासूकडून शिकली. त्यामुळं "मी येतो", "मी जेवलो" असंच बोलायची. पुण्याच्या पाहुण्यांना वाटायचं, परदेशी बाई, बोलताना चुकत असेल. ती चुकत नव्हती. फुलेवाडीत बायका तशाच बोलतात. सासूला ती आत्ती म्हणायची.

सगळं सुरळीत होतं. पण मागच्या निवडणुकीला सकाळी घरातली माणसं मतदानाला निघाली आणि मोना दारातच उभी राहिली.

"तुम्ही जावा, मी चहा टाकून ठेवतो," ती म्हणाली.

रांगेत पुढं शेजारच्या शालूबाई होत्या. त्यांनी मागं वळून विचारलं, "सून कुठाय?"

"तिला मत न्हाई," चिमणाबाई म्हणाल्या.

"मग बरं झालं की. आमचं एक जास्त." शालूबाईंच्या घरचा पक्ष दुसरा होता.

चिमणाबाईंनी मत दिलं, बोटाची शाई वाळायच्या आत त्या गल्लीच्या टोकाला गेल्या आणि सुश्मिता वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या. सुश्मिता मूळची गडहिंग्लजची, वय तिशीचं, पण कायद्याच्या बाबतीत म्हाताऱ्यासारखी सावध. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, लग्न होऊन आलेल्या सुनेला नागरिकत्व मिळतंय. सात वर्षं हितं राहिलेली पाहिजे. ते मोनाचं झालंय. मधी मधी माहेरी जाऊन आली तेबी चालतंय, हिशेबात बसतंय. पण अर्ज करायच्या आधीचं जे एक वर्ष, ते सलग पाहिजे. त्यात बाहेर जायाचं न्हाई."

"आन गेली तर?"

"लई तर तीस दिवसांची सूट मिळती. तीबी खास कारण असलं तर, आणि वरून मंजूर झाली तर. त्यापेक्षा जाऊच दिऊ नका."

"न्हाई जाऊ देत," चिमणाबाई म्हणाल्या, आणि घरी येऊन त्यांनी तांदळाचा डबा रिकामा केला.

मोनाची हरकत नव्हती. उलट तिला जरा गंमतच वाटली. पण महिन्याभरात तिच्या ध्यानात आलं की सासूच्या डोक्यात देशाची हद्द नक्की कुठून जाते, ते सासूलाही माहीत नाही. संस्थांमधली मशिनं बघायला मोनाला आजरा, गारगोटी, निपाणी असं फिरावं लागे. निपाणीचं नाव निघताच चिमणाबाईंनी सुश्मिताला फोन लावला.

"कर्नाटक परदेशात धरत्यात का?"

"न्हाई ओ काकू."

"तिथली पाटी वाचाय येत न्हाई, म्हणून विचारलं. आन गोवा?"

"तोबी आपलाच."

"लिहून दे."

सुश्मितानं आपल्या छापील कागदावर लिहून दिलं की कर्नाटक व गोवा ही राज्ये भारतात आहेत, खाली सही केली, शिक्का मारला. चिमणाबाईंनी त्या कागदाला प्लॅस्टिक चढवून आणलं आणि मोनाच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. मालवणला सगळं घर गेलं तेव्हा मोनाला होडीत बसू दिलं नाही. वारा फिरला आणि होडी भलतीकडं लागली तर? राजवीर म्हणाला, भलतीकडं म्हणजे फार तर वेंगुर्ल्याला लागेल. पण मोना किनाऱ्यावरच बसली आणि सासू शेजारी बसून तिला शेंगा सोलून देत राहिली. हैदराबादला मशिनांचं प्रदर्शन होतं, तिथं विमानानं न जाता मोना रेल्वेनं गेली, कारण विमान उतरवायचं कुठं हे आपल्या हातात नसतं. रोज सकाळी देवाला फुलं वाहून झाली की चिमणाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. शालूबाईंना तो आकडा भिंतीपलीकडून ऐकू जाई. दोनशेच्या पुढं गेल्यावर त्याही मनातल्या मनात मोजायला लागल्या.

दोनशे चव्वेचाळीसाव्या दिवशी मोनाच्या आईला सत्तर वर्षं पूर्ण झाली. तिचं नाव बिर्गीट. चिमणाबाई तिला पहिल्यापासून भागीरथीबाई म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. डेन्मार्कात सगळं गणगोत जमलं होतं. मोनाचा भाऊ नॉर्वेतून आला होता. मोना स्वयंपाकघरात मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बसली, तिकडं त्यांनी गाणं म्हटलं, हिनं इकडून म्हटलं. दोन्ही गाणी एकमेकांच्या मागंपुढं होत राहिली. चिमणाबाईंनी पडद्यासमोर येऊन मराठीत सांगितलं, "भागीरथीबाई, औंदा लेक येत न्हाई. फुडच्या साली दोन महिने ठिवून घ्या." भागीरथीबाईंनी मान हलवली. फोन बंद झाल्यावर मोनानं भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. चिमणाबाईंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, आता थोडं राहिलंय. एकदा कागद हातात आला की भरून काढू.

तीनशेच्या वर दिवस गेले तसा चिमणाबाईंना हुरूप आला. एवढं निभावलं, तर देवाच्या पायावर घालून आणावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. उदयसिंह मोरे दरवर्षी बायकांची काशी-अयोध्या यात्रेची बस न्यायचा. पन्नास सीट, सोबत आचारी, भांडीकुंडी, गॅस. चिमणाबाईंनी दोन सीटा धरल्या. मोनानं विचारलं, पासपोर्ट घेऊ का?

"कशाला? काशी काय डेन्मार्कात हाय?"

मोनानं आधार कार्ड पर्समध्ये टाकलं आणि बस निघाली.

काशी झाली. अयोध्या झाली. अयोध्येत मोनाचं पोट बिघडलं. गोळी घेऊन ती मागच्या सीटवर साडीचा पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. दुपारी जेवणं आटोपल्यावर उदयसिंह बसच्या पायरीवर उभा राहिला.

"आयांनो, आपलं ठरल्यालं झालं. पण दोन दिवस हातात हायत. सीतामाईचं माहेर बघायचं काय? जनकपूर. रामाच्या घरी येऊन गेलो, माहेर ऱ्हायलं असं नको. ज्यांना जायाचंय त्यांनी हात वर करा."

माहेर म्हटल्यावर कुणाचा हात खाली राहणार? अठ्ठेचाळीस हात वर गेले. चिमणाबाईंनी आपला वर केला, मग वाकून झोपलेल्या मोनाचा मनगटाला धरून वर केला. पन्नास.

जनकपूर कुठं आहे हे उदयसिंहाला माहीत होतं. तिथं जायला पासपोर्ट लागत नाही, रुपये चालतात, हेही माहीत होतं. म्हणून तो वेगळं काही बोलला नाही. मोनाला जाग आली तेव्हा तिनं विचारलं, "आत्ती, कुठं चाललोय?" आणि चिमणाबाई म्हणाल्या, "सीतामाईच्या माहेरी." मोनाला वाटलं, असेल शेजारच्या जिल्ह्यात. सकाळी सकाळी बिहारातला एक नाका लागला. तिथल्या शिपायानं बसमध्ये डोकावून पाहिलं, पन्नास नऊवारी आणि सहावारी बघितल्या, उलटीचा वास घेतला आणि हात हलवून बस सोडली.

जनकपूरच्या देवळात चिमणाबाईंचं मन भरून आलं. पांढरंशुभ्र, राजवाड्यासारखं देऊळ. सीतामाईची ओटी भरली. मोनालाही बरं वाटत होतं. बाहेर येऊन ती चहा घेत बसली आणि तिनं मोबाईल पाहिला.

"आत्ती, माझं घड्याळ पंधरा मिनिटं फुडं कसं काय गेलं?"

"बॅटरी गेली आसंल."

"न्हाई आत्ती. मेसेज आलाय. 'नेपाळमध्ये आपले स्वागत आहे.'"

चिमणाबाईंनी देवळाकडं पाहिलं. चहावाल्याकडं पाहिलं. त्यानं मघाशीच त्यांची दहाची नोट घेतली होती. हिंदी बोलत होता. फुटाणे होते, कुंकू होतं, बांगड्या होत्या.

"नेपाळ म्हंजे तसं परदेश न्हवं," त्या म्हणाल्या.

मोनानं चहाचा ग्लास खाली ठेवला. दिवस तीनशे एक्केचाळीसावा होता.

घाईघाईनं बस परत नाक्यावर आली. या वेळी शिपाई वेगळा होता. त्यानं सगळ्यांची कार्डं मागितली. मोनाचं आधार कार्ड त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग तिचे निळे डोळे पाहिले आणि तिला खाली उतरवून साहेबासमोर नेलं. मागोमाग चिमणाबाई उतरल्या, त्यांच्या मागं बाकीची बस उतरली.

"कहाँ की हैं?" साहेबानं विचारलं.

"कोल्हापूर की!" अठ्ठेचाळीस बायका एका आवाजात म्हणाल्या.

"जन्म कहाँ का?"

मोनाला खोटं बोलता येत नसे. "डेन्मार्क," ती म्हणाली.

"पासपोर्ट?"

"तांदळाच्या डब्यात हाय," चिमणाबाई पुढं होऊन म्हणाल्या. "साहेब, वो हमारी सून हाय. अंदर लेव की."

साहेब माणूस वाईट नव्हता. पण तो पेचात पडला होता, आणि पेच त्यानं नीट समजावून सांगितला. या नाक्यावरून फक्त भारतीय आणि नेपाळी माणसं ये-जा करू शकतात. परदेशी माणसाला इथून बाहेर जाताच येत नाही. म्हणजे बाई बाहेर गेलेल्याच नाहीत. त्यानं वर फोन करून विचारलं. तिथल्या नोंदीतही बाई भारतातच होत्या. आता जी व्यक्ती भारतात आहे, तिला भारतात प्रवेश कसा द्यायचा?

"आत हाय म्हंता, तर आत सोडा की!" चिमणाबाई ओरडल्या.

"माताजी, आत आहेत त्या. पण उभ्या बाहेर आहेत."

दुसऱ्या नाक्यावरून यावं म्हणाल, तर तिथं पासपोर्टवर बाहेर गेल्याचा शिक्का मागतील, आणि तो नव्हता. शेवटी ठरलं की पासपोर्ट येऊ दे, मग मोठ्या साहेबांना विचारू. चिमणाबाईंनी फुलेवाडीला फोन केला. राजवीरनं डब्याचं कुलूप कटरनं कापलं, तांदूळ झटकला आणि पासपोर्ट घेऊन विमानानं पाटण्याला निघाला.

तो येईपर्यंत मोनाला नेपाळच्या बाजूला थांबणं भाग होतं. उदयसिंह म्हणाला, बाकीच्यांना मी घेऊन जातो. पण एकही बाई बसमध्ये चढायला तयार होईना. शालूबाईसुद्धा यात्रेला होत्या; त्यांनी तर आचाऱ्याकडून गॅसची शेगडीच ओढून घेतली आणि म्हणाल्या, "चालत्या वर्षात आमची सून हितं टाकून जाऊ व्हय?" 'आमची' म्हणाल्या. चिमणाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पिठलं ढवळायला लागल्या. नाक्याच्या अलीकडं एका शाळेच्या आवारात तीन दिवस पन्नास बायकांचा तळ पडला. गावातल्या बायका बघायला आल्या, त्यांनी भाजी आणून दिली, यांनी त्यांना ठेचा चाखवला, एक म्हातारी ठसका लागून मेलीच असती. साहेब रोज सकाळी कुंपणापर्यंत येऊन विचारायचे, "माताजी, सब ठीक?" आणि पिठलं-भाकरी घेऊन जायचे.

मोना मात्र शाळेच्या पायरीवर गप्प बसून असे. चिमणाबाई जवळ जाऊन बसल्या की ती जरा सरकून जागा देई, बस्स. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चिमणाबाईंना वाटे.

तिसऱ्या दिवशी राजवीर आला. मोठ्या साहेबांनी पासपोर्ट चाळला, दोन तास फोनवर बोलले आणि निकाल दिला: नोंदीप्रमाणे या बाई भारताबाहेर गेलेल्या नाहीत, सबब त्यांना अडवण्याचं कारण नाही. शिक्का मारला नाही, कागद दिला नाही. मोना वाकून लाकडी दांड्याखालून आत आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर चिमणाबाईंनी कॅलेंडरवरच्या त्या तीन दिवसांवरही फुल्या मारल्या. त्यांच्या मते प्रकरण मिटलं होतं. सरकारच म्हणतंय गेली न्हाई, तर गेली न्हाई. वर्ष भरलं, सुश्मिता अर्ज घेऊन बसली आणि एका रकान्यापाशी मोना थांबली. गेल्या बारा महिन्यांत आपण देशाबाहेर गेला होता का?

"व्हय," मोना म्हणाली. "तीन दिस."

"न्हाई म्हण की!" चिमणाबाई उसळल्या.

"आत्ती, खोटं बोलून मी हितली होणार न्हाई."

"खोटं कसलं? नेपाळ परदेश हायच न्हाई! सीतामाई काय परदेशी व्हती?"

सुश्मितानं दोघींकडं पाहिलं. "काकू, कायद्यानं ते परदेशच. लपवलं आणि उद्या निघालं, तर मिळालेलं नागरिकत्वबी जाईल. तीन दिवसांची सूट मागू. खास कारण लिहू."

"काय कारण?" राजवीरनं विचारलं.

सुश्मितानं चिमणाबाईंकडं बघायचं टाळलं आणि लिहिलं: 'कौटुंबिक.'

अर्ज गेला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, शेजाऱ्यांना विचारून गेले. मग पाच महिन्यांनी कलेक्टर कचेरीतून पत्र आलं. पत्र सभ्य भाषेत होतं. उपलब्ध नोंदींनुसार अर्जदार उक्त कालावधीत भारताबाहेर गेल्याचे दिसून येत नाही. सूट ही अनुपस्थितीस देता येते, उपस्थितीस नाही. तरी अर्जदाराने आपण भारताबाहेर गेल्याचा पुरावा तीस दिवसांत सादर करावा.

राजवीरनं पत्र दोनदा वाचलं आणि कॉटवर आडवा झाला.

पुरावा म्हणजे सोबत गेलेल्या माणसांचं प्रतिज्ञापत्र. माणसं भरपूर होती. सुश्मिता आणि मोना गल्लोगल्ली फिरल्या. पहिली बाई म्हणाली, "मी? परदेशात? अगं, माझ्याकडं पासपोर्ट कुठाय? बिन पासपोर्टची गेलो म्हणून सही केली, तर मला न्हेतील की उचलून." सुश्मितानं समजावलं की नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. "मग परदेश कसा?" बाईनं विचारलं. ही बातमी बायकांत पसरली. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस बायका जनकपूरला गेल्याच नव्हत्या असं ठरलं. कुणाची तब्येत बिघडली होती, कुणी म्हणे अयोध्येहूनच परतली. उदयसिंहाच्या बसचा परवाना सीमेपर्यंतचाच होता, त्यामुळं त्याला जनकपूर हा शब्दच ओळखू येईना. मोबाईलमधले फोटो पुसले गेले. शालूबाई भिंतीपलीकडून एवढंच म्हणाल्या, "मला नातवंडं हायत."

राहिल्या चिमणाबाई.

त्या ऐकायला तयार नव्हत्या. वर्षभर त्यांनी सुनेला होडीत बसू दिलं नव्हतं. आता स्वतःच्या तोंडानं, सरकारी साहेबासमोर, देवाची शपथ घेऊन म्हणायचं की मीच तिला परदेशात नेलं? गल्लीत तोंड कसं दाखवायचं? "मी देवाला गेलतो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत. "परदेशाला न्हवं." सुश्मिता थकली. राजवीर दोन दिवस आईशी बोलला नाही. मुदत संपायला चार दिवस उरले.

त्या दुपारी मोना आजऱ्याहून मशीन दुरुस्त करून आली, हात धुतले आणि चिमणाबाई गवारी मोडत बसल्या होत्या तिथं जमिनीवर बसली. तीही गवारी मोडायला लागली.

"आत्ती," ती म्हणाली, "माझ्या आईच्या सत्तरीला मी गेलो न्हाई. एक दिस बाहेर गेलो तर वर्ष मोडंल म्हणून. आईला वाईट वाटलं, ती बोलली न्हाई."

चिमणाबाईंचे हात थांबले.

"मग आपण तीन दिस नेपाळात ऱ्हायलो. ते बाहेर न्हाईच धरलं, तर मी आईला काय सांगू? कोल्हापूर न्हाई, नेपाळबी न्हाई, मग मी व्हतो कुठं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला चुकून न्हेलंसा. मला राग आलता, आता न्हाई. पण न्हेलंसा, एवढं तरी म्हणा."

चिमणाबाईंनी शेंगा पदरातून परातीत टाकल्या. मग उठल्या, आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चांगलं लुगडं नेसलं होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "सुश्मिताला हाक मार."

कलेक्टर कचेरीत अर्ज बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या. बाजूला संगमेश नावाचा कारकून टाईप करायला बसला होता. मॅडमनी शपथ दिली आणि विचारलं, आपण अर्जदाराबरोबर कुठं गेला होता?

"नेपाळला. जनकपूरला."

"तो परदेश आहे, हे आपल्याला मान्य आहे?"

"हाय," त्या म्हणाल्या.

"कशावरून म्हणता?"

हा प्रश्न सुश्मितानं पढवला नव्हता. चिमणाबाईंनी विचार केला. "घड्याळ पंधरा मिनिटं फुडं व्हतं. मोबाईलवर स्वागताचा मेसेज आलता. चहात मीठ घातल्यागत लागत व्हतं. आन तिथनं आपला माणूस आत घ्यायला आपलीच माणसं तीन दिस इचार करीत बसली. आपल्या देशात आसतं, तर अशी उभी केली आसती का मला?"

संगमेशची बोटं थबकली. "मॅडम, हे सगळं घालू का?"

"घाला," मॅडम म्हणाल्या. "आजी, खास कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलंय. म्हणजे नक्की काय?"

"मी," चिमणाबाई म्हणाल्या. "सून गोळी घिऊन झोपल्याली. तिचा हात मीच धरून वर केलता. तिची काय बी चूक न्हाई. लिवा. मोठ्या अक्षरात लिवा."

संगमेशनं लिहिलं. चिमणाबाईंनी अंगठा नाही उठवला, सही केली, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं. बाहेर आल्यावर त्या पायऱ्यांवर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. त्या रडत होत्या का हे कळू नये म्हणून मोना रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

गल्लीत ती गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. शालूबाई दारात होत्या. चिमणाबाई त्यांच्यासमोरून सरळ चालत गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "परदेशी जाऊन आलोय मी. तुम्ही अयोध्येतच ऱ्हायलात म्हणं?"

वरून मंजुरी यायला आणखी सात महिने लागले. सूट मिळाली, तीन दिवसांची. मोनानं डेन्मार्कचं नागरिकत्व सोडल्याचे कागद दिले, संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली, तीही इतक्या ठसक्यात की संगमेश आपोआप उठून उभा राहिला. राजवीरनं सगळ्या कचेरीला पेढे वाटले. मॅडमनी प्रमाणपत्र मोनाच्या हातात दिलं आणि चिमणाबाईंना म्हणाल्या, "झालं आजी तुमच्या मनासारखं?" चिमणाबाई नुसत्या हसल्या. त्यांना एकदम फार थकवा आला होता.

पुढच्या महिन्यात मोना भागीरथीबाईंशी फोनवर बोलत होती. चिमणाबाईंना ती भाषा कळत नसे, पण सूर कळे. आज सूर खाली होता. बोलणं संपल्यावर मोना मोबाईल मांडीवर ठेवून बसून राहिली.

"काय म्हंत्यात?" चिमणाबाईंनी विचारलं.

"कधी येतीस म्हणत्यात. मी म्हणालो, व्हिसा काढाय पायजे आता. त्यांना कळलंच न्हाई पहिल्यांदा." मोना हसायचा प्रयत्न करत होती. "माझ्याच आईनं लिहून द्यायचं, या बाईला मी वळखतो, हिला मी बोलावतोय, हिला माझ्या घरी ठिवून घेतो. मग त्यांचं सरकार इचार करणार."

"आईनं लिहून द्यायचं? आपल्या लेकीसाठी?"

"व्हय."

दोन वर्षं चिमणाबाईंनी एकच बाजू पाहिली होती. आत घ्यायची. दार दोन्हीकडून असतं, एकीकडून आत घेतलं की दुसरीकडून माणूस बाहेर उभं राहतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. सुनेच्या डोक्यात ते सगळा वेळ होतं, हेही त्यांना आत्ताच उमगलं. त्या उठल्या, मोनाच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला.

"किती दिसांनी मिळंल त्यो व्हिसा?"

"म्हैनाभर लागंल."

"मग भागीरथीबाईंना म्हणावं, कागदावर माझंबी नाव घाला." चिमणाबाईंनी पदर खोचला आणि राजवीरला हाक मारली, की पासपोर्टचा फोटो कुठं काढून मिळतो ते बघ. मग मोनाकडं वळून म्हणाल्या, "तुला एकटीला कशी सोडायची परक्या मुलखात?"